कोप नसलेला देव

उदगीरच्या अण्णांचं मी कधी भलं चिंतलं नाही. आजही चिंतत नाही, आणि त्यांना जाऊन इतकी वर्षं झालीत की त्यांचं भलं-वाईट व्हायचं आता काही उरलेलंही नाही. पण हे प्रकरण लिहायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते. तत्त्वज्ञान या विषयाकडे मी ज्ञानाच्या ओढीनं गेले नाही, अण्णांवर दात धरून गेले. लोक विचारतात, बाई, जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलंत, ही आवड लागली कशी? मी सांगते, वाचनातून. खरं उत्तर सत्काराच्या हारतुऱ्यांत देण्यासारखं नाही.

अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे, आप्पांचे, थोरले भाऊ. ते उदगीरला, आम्ही लातूरला. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आप्पांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं आणि त्याच्याच माडीवर आम्ही राहायचो. खाली दिवसभर हातोडीचे ठोके. कुणाच्या घागरीचा पोचा काढायचा, कुणाच्या ताटावर नाव घालायचं. त्याच्या पलीकडे दालमिलांची घरघर, ती इतकी सवयीची की सणाला मिली बंद राहिल्या म्हणजे कान दुखल्यासारखं व्हायचं. तुरीच्या फोलाची बारीक धूळ दांडीवरच्या धुण्यावर बसायची. सकाळी आंघोळी झाल्या की घर जरा वेळ गप्प. आप्पा, आई म्हणजे आमची अव्वा, अक्का, मी, सगळे ओळीनं बसायचो, कपाळाला भस्म, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलेलं. देव असा रोज आमच्या हातात असायचा. तो कुठं वर बसून आमच्यावर डोळे वटारतो, असं त्या वयापर्यंत मला कधी वाटलंच नव्हतं. ते अण्णांनी शिकवलं.

अक्का माझी थोरली बहीण. नाव सरोजा. उखळात शेंगदाण्याची चटणी कुटावी तर तिनं. तेल सुटेस्तोवर कुटायची आणि बोटाला लागलेली मला चाटायला द्यायची. तिचं लग्न उदगीरच्या कापड दुकानदाराच्या मुलाशी अण्णांनीच जमवलं होतं. मुलगा बरा होता, अक्काला आवडलाही होता. मग एक दिवस बांगड्यांखाली, उजव्या मनगटावर, चिंचोक्याएवढा पांढरा डाग दिसला. डॉक्टरांनी सांगितलं, कोड आहे. दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही, कुणाच्या चुकीनं होत नाही. बावचीचं तेल दिलं आणि कोवळ्या उन्हात बसायला सांगितलं. अक्का गच्चीवर हात उन्हात धरून बसायची आणि मी तिच्याशेजारी अभ्यासाचं पुस्तक घेऊन. आप्पांनी लपवाछपवी केली नाही. अण्णांना एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, तुम्हीच थोरले, मुलाच्या बापाला कसं सांगायचं ते तुम्ही बघा.

अण्णांनी सांगितलं ते असं. साखरपुड्याचा दिवस. चुलीवर येसराची आमटी उकळत होती, तिचा वास जिन्यापर्यंत गेला होता. पाहुणे गादीवर बसलेले. अक्का हिरवं लुगडं नेसून पाटावर येऊन बसली, आणि अण्णा उठले. त्यांनी तिचा उजवा हात धरला, बांगड्या कोपराकडं सारल्या आणि तो हात सगळ्यांना दिसेल असा वर केला.

"हे बगा," ते म्हणाले. "उद्या मला बोल लावू नका. देवाचा कोप हाय हा. या घरातलं पाप पोरीच्या अंगावर फुटलंय."

"कुणाचं पाप?" मुलाच्या बापानं विचारलं.

अण्णांनी अव्वाकडं बोट केलं. "हिच्या भनीनं जात सोडून लगीन केलं. नांदेडात हाय ती. आम्ही तिला वाळीत टाकलं, पर ही चोरून जातच व्हती. देव बगत न्हाई व्हय?"

अव्वाच्या हातात पळी होती. ती तशीच उभी राहिली. आप्पा खाली सतरंजीकडं बघत होते, आणि अक्का आपला हात सोडवून घ्यायला बघत होती. अण्णा सोडत नव्हते. मला आजही विचारलंत की तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात स्पष्ट चित्र कोणतं, तर तेच: म्हाताऱ्याची जाड बोटं आणि त्यात माझ्या बहिणीचं मनगट.

पाहुणे न जेवता गेले. त्याच मोसमात त्या मुलाचं लग्न झालं, अण्णांच्या स्वतःच्या मुलीशी, सुवर्णाशी. देवाचा कोप इतका सोयीचा असू शकतो हे मला तेव्हा कळलं. आप्पा त्या लग्नाला गेले. थोरल्या भावाचं कार्य, न जाऊन कसं चालेल. येताना बुंदीचे लाडू घेऊन आले, ते अव्वानं तसेच खाली रस्त्यावरच्या गाईपुढं टाकले. दुसऱ्या दिवशी तिनं आमच्या दोघींच्या कपड्यांची ट्रंक भरली आणि आप्पांना म्हणाली, "पोरींना नांदेडला माझ्या भनीकडं सोडून या. सरोजाचं दवापाणी हुईल, धाकटीचं कॉलेज हुईल. अण्णांना काय सांगायचं ते सांगा." आप्पांसमोर एवढं मोठं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

तर अशी मी नांदेडला आले. मावशीचं घर गोदावरीपासून लांब नव्हतं. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू यायचं, मग मावशीच्या स्टोव्हचा आवाज, मग चुरमुऱ्याच्या सुशिल्याला घातलेली फोडणी. मावशीचे यजमान, काका, विष्णुपुरीच्या धरणावर नोकरीला होते. भला माणूस. ज्या माणसाशी लग्न केलं म्हणून माझ्या मावशीचं तोंड बघायची बंदी होती, तो माणूस रोज संध्याकाळी अक्कासाठी बाजारातून ताजी अंजिरं शोधून आणायचा, कुणीतरी त्याला सांगितलं होतं की कोडाला चांगली असतात. अक्का ती खायची आणि दिवस दिवस कुणाशी बोलायची नाही. लांब बाह्यांची पोलकी शिवून घेतली होती तिनं, मे महिन्यातसुद्धा तीच. मी तिच्याकडं बघायची आणि अण्णांना काय काय होवो याची मनातल्या मनात उजळणी करायची. त्यांचा पाय मोडो. त्यांची मुलगी परत येवो. त्यांना कुणी पाणी न विचारो. ही माझी त्या काळातली खरी प्रार्थना. तळहातावर लिंग घेऊन मी हेच मागायची, आणि मग लक्षात यायचं की हे मागायचं तर देव अण्णांच्या देवासारखाच असायला हवा, कोप करणारा.

कॉलेजात पांगरेकर सर आम्हाला तत्त्वज्ञान शिकवायचे. दाढदुखीमुळं तोंडात कायम लवंग असायची, त्यामुळं वर्गाला नेहमी लवंगेचा वास. एक दिवस त्यांनी एका माणसाची गोष्ट सांगितली. हॉलंडात काही शतकांपूर्वी होऊन गेलेला. भिंगं घासून पोट भरायचा. कोवळ्या वयात त्याच्याच समाजाच्या वडीलधाऱ्यांनी त्याला शिव्याशाप देऊन वाळीत टाकलं, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याच्या जवळ जायचं नाही. का? तर देवाबद्दल तो भलतंच काही बोलतो म्हणून. वाळीत हा शब्द ऐकला आणि मी वाकून बसले.

"काय बोलायचा तो, सर?"

"की देव आणि सृष्टी अशा दोन वस्तू नाहीत," सर म्हणाले. "जे काही आहे ते सगळं मिळून एकच. त्याला देव म्हणा, निसर्ग म्हणा. आपण सगळे त्याचीच रूपं. तो बाहेर सिंहासनावर बसून राज्य करत नाही. जे घडतं ते त्याच्या स्वभावातून घडतं, जसं दोन आणि दोन चार होतात. ते कुणाच्या मर्जीनं होत नाहीत."

"मग तो कोपत नाही?"

"कोपायला तो वेगळा कुठं आहे? राग, लोभ, सूड, ही माणसाची दुखणी. ती आपण त्याच्यावर लादली. राजा रागावतो म्हणून देवही रागावतो, असं आपणच ठरवलं."

मला त्या क्षणी ज्ञान झालं नाही, मला हत्यार मिळालं. घरी येऊन मी जेवलेसुद्धा नाही. अक्काला हलवून हलवून सांगितलं की हा डाग कुणाचा कोप नाही, कुणाचं पाप नाही, त्याला कारण आहे आणि ते कारण कातडीतच आहे. ती म्हणाली, "ते डॉक्टरनं पण सांगितलंतं." पण डॉक्टरनं अण्णांचा देव मोडला नव्हता, आणि मला तो मोडायचा होता. वाचनालयात त्या भिंगवाल्याबद्दल मराठीत फार काही नव्हतं, म्हणून शब्दकोश शेजारी घेऊन इंग्रजी वाचायला लागले. एकेका पानाला एकेक दिवस लागायचा. काका म्हणाले, हे तर आपलं अद्वैतच की. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, जवळचं आहे, पण घाई करू नको. काही लोक जग खोटं म्हणतात. हा म्हणत नाही. याच्या हिशेबी डाग खरा, कातडं खरं, तुझ्या बहिणीचं रडणंही खरं. ते फार आवडलं मला. त्या वेळी मला कुणी अक्काचं रडणं माया आहे म्हणालं असतं तर मी त्याचंही नाव अण्णांच्या खाली लिहिलं असतं.

त्या पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा काका आम्हाला दाखवायला घेऊन गेले. पाण्याचा आवाज इतका, की शेजारी उभ्या अक्काचं बोलणं ऐकू येत नव्हतं. खालच्या काठावर बायका जमल्या होत्या, खणानारळानं नदीची ओटी भरत होत्या, एकजण हात जोडून ओरडत होती, बाई आता राग आवर. त्यांच्याकडं बघता बघता मला ती गोष्ट पहिल्यांदा डोक्यानं नाही, अंगानं समजली. ते पाणी रागावलेलं नव्हतं. वर कुठंतरी पाऊस पडला होता, त्याच्या वर ढग, त्याच्या मागे समुद्र, ऊन, वारा; एकातून एक निघत ते इथवर आलं होतं, आणि मी तिथं उभी होते तीही त्यातलीच. मला भीती वाटली आणि फार मोकळंही वाटलं. आयुष्यात ज्याला देवदर्शन म्हणावं असं मला तेवढं एकदाच झालं आहे.

हे मी सरांना सांगितलं, आणि बोलण्याच्या भरात अण्णांचंही सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आता मी त्यांच्यापुढं उभी राहून त्यांचा देव खोटा पाडणार आहे.

सरांनी लवंग या गालातून त्या गालात नेली. "तुला अर्धं समजलंय."

"आणि उरलेलं अर्धं?"

"पुरावर तू चिडली नाहीस. का? तर त्याला दुसरं काही करता येणार नव्हतं. मग तुझे अण्णा त्या सृष्टीच्या बाहेरचे आहेत का? ते ज्या घरात, ज्या भीतीत, ज्या हावेत वाढले, त्यातून ते तसेच वागणार होते. हे नीट दिसलं की द्वेष गळून पडतो, असं तो भिंगवाला म्हणतो."

"मग माझा द्वेषही तसाच कुठून तरी निघालाय की, सर. मी तरी दुसरं काय करू?"

सर हसले. "बरोबर. पण तो कळून घेतलास तर कमी होईल."

मला कमी करायचा नव्हता. मी त्यांच्या खोलीतून पाय आपटत बाहेर आले आणि पुढं कितीतरी दिवस त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसले. माझ्या बहिणीचा हात धरून वर करणारा माणूस आणि पाऊस एकच? असल्या तत्त्वज्ञानाला काय जाळायचंय!

मग एके दिवशी दुपारी आप्पा नांदेडला आले. आम्हाला सोडायला आले तेव्हा ते दारातूनच परतले होते; मावशीच्या घरात त्यांचं ते पहिलं पाऊल. पायरीवर जरा थबकले, मग आत आले, चहा घेतला. म्हणाले, अण्णांना लकवा मारलाय. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालंय. सरोजाला बोलवायलेत.

मला जे झालं त्याला आनंद हाच शब्द आहे, दुसरा शोधत नाही. उजवी बाजू. उजवा हात. उदगीरच्या गाडीत मी खिडकीशी बसून एकच वाक्य घोटत राहिले. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, त्यांच्याच शब्दांत: अण्णा, हा कुणाच्या पापाचा कोप?

अण्णांचं घर माणसांनी भरलेलं होतं. मठातली मंडळी, शेजारी, अण्णांची बायको म्हणजे आमच्या काकू, माहेरी आलेली सुवर्णा. अण्णा खाटेवर. उजवा हात पोटावर ठेवलेला, एका ओठाच्या कडेनं लाळ येत होती आणि काकू ती पदरानं पुसत होत्या. अक्का समोर उभी राहिली. अण्णांचा एक डोळा तिच्यावर स्थिरावला आणि ते रडायला लागले.

"सरोजा," त्यांचे शब्द तोंडातच चेंगरत होते. "तुजा तळतळाट लागला मला. देव कोपला माज्यावर. म्या पाप केलं. हात ठेव माज्या डोक्यावर. माफ केलं म्हन. तू म्हनलं की देव सोडंल मला."

काकू अक्काला म्हणाल्या, "ठेव की यव्वा. थोरले हायत."

माझं घोटलेलं वाक्य ते स्वतःच बोलून बसले होते. मी तेच म्हटलं असतं तर ते हो म्हणाले असते, आणि खोलीतल्या सगळ्यांनी मान डोलावली असती, आणि त्यांचा तो देव, अक्काला नासवणारा, पुन्हा एकदा खरा ठरला असता. आधी ती पापाचं फळ होती, आता शाप देणारी झाली. माणूस काही केल्या होऊ देत नव्हते तिला. तिथं उभ्या उभ्या मला कळलं की या माणसाला शिक्षा झाली असं मी म्हटलं तर मी त्याच्याच देवळात जाऊन बसले. आणि हेही कळलं की याहून मोठा सूड माझ्या हातात आहे, फक्त खरं बोलायचं आहे.

मी खाटेशी वाकले. "अण्णा, कुणाचा तळतळाट नाही लागला तुम्हाला. मेंदूतली एक नस तुंबली. अक्काच्या कातडीतला रंग गेला, तशीच. देव कोपला नाही तुमच्यावर. तिथं कोपायला कुणी बसलेलंच नाही."

त्यांच्या डोळ्यात जरा आशा आली. ती यावी म्हणूनच मी थांबले होते.

"आणि म्हणून माफ करायलाही कुणी नाही. अक्कानं हात ठेवला तरी वर कुणाला कळवायचं नाही, काही सुटायचं नाही. तुम्ही जे केलंत ते केलंत. ते आता कुणीच पुसू शकत नाही, तुमचा देवसुद्धा."

मग काकू ओरडल्या, "मरत्या मानसाला असं बोलतीस? जीभ झडंल तुजी!" सुवर्णा तोंडाला पदर लावून आत गेली. आप्पांनी मला दंडाला धरलं, पण ओढलं नाही. अण्णा माझ्याकडं नुसते बघत राहिले, आणि त्या बघण्यात मी वर्षभर ज्याची वाट बघत होते ते सगळं होतं. मला ते गोड लागलं. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं की त्या क्षणी वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. मला आलं नाही.

मग अक्का बोलली. तिनं आपल्या पोलक्याची बाही कोपराच्या वर सारली. डाग आता मनगट सोडून पुष्कळ वर गेला होता. तो हात तिनं अण्णांना नीट दाखवला.

"अण्णा, म्या तुम्हाला शाप न्हवता दिला," ती शांतपणे म्हणाली. "देऊन लागतो असं वाटलं असतं, तर दिला असता."

हात डोक्यावर न ठेवता ती वळली आणि घराबाहेर पडली. मी तिच्या मागून.

परतीच्या गाडीत बराच वेळ ती खिडकीतून उसाची शेतं बघत होती. मग विचारलं, "तू अण्णांना खरं सांगितलंस का सूड घेतलास?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा उतरून दोघींसाठी गरम भजी घेऊन आली. बाही वर तशीच होती. भजीवाला हाताकडं बघत राहिला, तर तिनं त्याला विचारलं, "काय बगायलास? मिरच्या टाक दोन."

अण्णा त्यानंतर बरीच वर्षं जगले, खाटेवरच. मी पुन्हा गेले नाही. अक्का भोकरला मुलींच्या वसतिगृहात नोकरीला लागली, लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं की त्याला सरळ उठवून लावायची. आज आम्ही दोघी नांदेडला एकत्र राहतो. डाग सगळ्या अंगावर पसरला आणि आता ती नखशिखांत गोरी आहे. रिक्षावाले तिला परदेशातली समजतात आणि जास्त भाडं सांगतात. मग ती मराठवाडी शिव्या देते.

सरांनी सांगितलेलं उरलेलं अर्धं मला शिकवता शिकवता समजलं. तीस वर्षं वर्गावर मी ते मुलांना फोड करून सांगितलं, की माणूस पुरासारखाच कारणांतून येतो, अण्णांना त्यांच्या बापानं काय शिकवलं होतं, समाजात नाव राखायची त्यांना केवढी धास्ती होती, मुलगी उजवायची केवढी काळजी होती. मला ते सगळं दिसतं. मी अण्णांवर एक चांगलं टिपण लिहू शकेन.

गेल्या हिवाळ्यात सुवर्णाच्या धाकट्या मुलाच्या लग्नाला आम्ही दोघी उदगीरला गेलो. हॉलच्या दाराशीच अण्णांची मोठी तसबीर, शेवंतीचा हार, उदबत्ती. येणारा प्रत्येकजण आधी तिथं वाकत होता आणि मोबाईलवर फोटो काढून घेत होता. अक्काचे गुडघे दुखतात, तरी ती कशीबशी वाकली. उठून माझ्याकडं वळून म्हणाली, "कर की नमस्कार. मेलेल्या मानसावर काय राग धरायचा? तूच शिकवायचीस ना, त्यांना दुसरं करता येणारच नव्हतं?"

"होय," मी म्हटलं. "आणि मलाही येत नाही."

मी पायातल्या चपलासुद्धा काढल्या नाहीत. तशीच पुढं जाऊन जेवायला बसले.